टिंब येईपर्यंत

"हे छापू नका," तो म्हणाला.

त्याच्या हातात गॅली प्रूफ होतं. गॅली प्रूफ म्हणजे छपाईआधी तपासायला काढलेला लांबट कागद. शाई ओली असते. त्याचा अंगठा काळा झाला होता. कथा त्याचीच होती आणि तीन दिवसांनी, रविवारी, ती आमच्या दैनिकात येणार होती. पहिली कथा छापून येणारे लोक प्रूफ पाहून हसतात. काही जण कागदाला नमस्कार करतात. एका गृहस्थांनी माझ्यादेखत प्रूफला हळदकुंकू लावलं होतं. छापू नका म्हणणारा हा पहिलाच.

"का?" मी विचारलं.

"हे माजं न्हाय."

"नाव तुमचंच आहे."

"नावच तेवडं हाय."

ही गोष्ट सत्तरच्या दशकातली, दुष्काळानंतरच्या एका वर्षातली. मी सोलापूरच्या एका मराठी दैनिकात उपसंपादक होतो. येईल त्या मजकुराची भाषा नीट करायची, मथळा द्यायचा आणि पानात बसेल एवढा तो कापायचा, हे उपसंपादकाचं काम. कागदाच्या टंचाईमुळे रविवारची पुरवणी बंद झाली होती. साहित्यासाठी एकच पान उरलं होतं आणि ते माझ्याकडे होतं.

आमचे संपादक नानासाहेब. त्यांनी कार्यालयाच्या भिंतीवर एक पुठ्ठा लावला होता. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: एका वाक्यात एक गोष्ट. बारा शब्दांच्या वर नाही. आमचा अंक गिरणीच्या आसपासच्या हॉटेलांत वाचला जायचा. एक जण मोठ्याने वाचायचा, पाच जण चहा पीत ऐकायचे. "तुमचं वाक्य संपेपर्यंत गिरणीचा भोंगा होतो," असं नानासाहेब नव्या माणसाला सांगायचे. नियम चांगला होता. बातमीसाठी तो आजही चांगला आहे.

तो नियम माझ्याइतका कुणी पाळत नसे. लांब वाक्य दिसलं की माझा लाल पेन आपोआप उघडायचा. कार्यालयात मला 'कात्री' म्हणत. मला ते आवडायचं.

समोर उभा होता त्याचं नाव मल्लिनाथ. तो मैंदर्गीचा. घरी कानडी, शाळेत मराठी. वय तिशीच्या आतबाहेर. शहरातल्या एका कापड गिरणीत तो रिंगखात्यात कामाला होता. गिरणीचं नाव मी इथे देत नाही. रिंगखात्यात सूत कातलं जातं. लांबच लांब मशीन असतं. त्याच्या दोन्ही अंगांना ओळीने चात्या फिरत असतात आणि प्रत्येक चातीवर सूत गुंडाळलं जातं. मशीनच्या एका अंगाला 'बाजू' म्हणतात. एका कामगाराकडे एक किंवा दोन बाजू. त्याने पाळीभर त्या बाजूवर येरझारा घालायच्या आणि तुटेल तो धागा जोडायचा. मशीन थांबवायचं नाही. चालत्या मशीनवरच जोडायचा.

त्याच्या कथेचं नाव होतं 'शेजारची बाजू'. एकाच गावचे दोघे. एका खोलीत राहणारे, शेजारशेजारच्या बाजूंवर काम करणारे. एके दिवशी दुसऱ्याचा, म्हणजे सिद्रामचा, हात मशीनच्या टोकाच्या दातेरी चाकांत जातो. कथा एवढीच होती. पहिली दोन पानं छोट्या छोट्या वाक्यांत होती. मला ती फार पसंत पडली होती. त्यानंतर एक वाक्य सुरू व्हायचं ते वहीची दोन पानं भरून संपायचं. त्यानंतर दोन-तीन शब्दांची दोन वाक्यं.

त्या दोन पानी वाक्याची मी सत्तावीस वाक्यं केली होती. एकही बारा शब्दांच्या वर नव्हतं. मला त्या कामाचा अभिमान होता.

आमचा मजकूर तेव्हा हाताने जुळवला जायचा. शिशाचं एकेक अक्षर खणातून उचलून ओळ लावायची. अक्षराला एक खण, काना-मात्रेला एक खण, पूर्णविरामाला एक. आमचे मुख्य कंपोझिटर नरसय्या त्या दुपारी माझ्याकडे येऊन म्हणाले होते, "क्षीरसागर साहेब, टिंबं संपली."

"संपली म्हणजे?"

"खण रिकामा. तुमच्या गोष्टीनं सगळी खाल्ली. सायकलच्या दुकानाच्या जाहिरातीतून चार काढून आणली. जाहिरात आता न थांबता बोलतीय."

मी हसलो होतो. ही माझी स्तुतीच आहे असं मी धरलं होतं.

मल्लिनाथने प्रूफ टेबलावर ठेवलं. त्याच्यापुढे आपली वही उघडून ठेवली. "वाचा," म्हणाला. "आदी तुमचं."

माझं असं होतं:

'पाचव्या चातीवरचा धागा तुटला. मी वाकलो. बॉबिनवरचं टोक उचललं. तेवढ्यात सिद्रामचा आवाज आला. मी धागा जोडला. शेजारचाही तुटलेला दिसला. तोही जोडला. मग मी पळालो.'

"आता माजं."

वहीत असं होतं:

'…आणि पाचव्या चातीवरचा धागा तुटला म्हणून मी वाकलो आणि बॉबिनवरचं टोक चिमटीत धरलं तेवढ्यात शेजारच्या बाजूनं आवाज आला, आणि तो सिद्रामचा आहे हे मला कळायच्या आत माझे पाय वळले होते पण हात अजून चातीवर होते, हातांना कान नसतात, त्यांनी तो धागा जोडला आणि वळता वळता त्याच्या शेजारचा तुटलेला दिसला तोही जोडला आणि मी पळत होतो आणि बोटाला चिकटलेला कापसाचा तंतू लांबत लांबत माझ्या मागं येत होता आणि सिद्राम माझं नाव घेत होता, लहानपणी विहिरीवर घ्यायचा तसं, आणि मशीनचं टोक जवळच येईना, रोज शंभरदा चालतो ती बाजू, तिला त्या दिवशी अंतच नव्हता, आणि मी दांडा धरला आणि ओढला. मशीन थांबलं. सिद्राम थांबला नाही.'

"घटना त्याच आहेत," मी म्हणालो. "एकही गाळलेली नाही. वाचणाऱ्याला सोपं केलंय."

"सोपं केलासा, व्हय." त्याने खिशातून चार घड्या घातलेला एक कागद काढला. "हे बी सोपंच हाय. हे वाचा की."

तो जबाबाचा कागद होता. अपघातानंतर गिरणीच्या कचेरीत घेतलेला, सुवाच्य अक्षरांत उतरवलेला, खाली मल्लिनाथची सही. 'मी माझ्या बाजूवर काम करीत होतो. ओरडण्याचा आवाज ऐकला. त्या वेळी एक धागा तुटलेला होता. तो जोडला. दुसरा धागा जोडला. नंतर शेजारच्या मशीनकडे गेलो. मशीन बंद केले.'

मी कागद वाचला. मग माझं प्रूफ पाहिलं. मग पुन्हा कागद.

"यातलं खोटं कुठलं?" मी विचारलं.

"एक बी न्हाय."

"कारकुनानं मनाचं घातलं?"

"न्हाय हो. लई चांगला माणूस. अक्षर बगा की कसलं. तुमच्यावानीच हुशार. मी सांगंल तसं एकेक लिवला. 'मग काय केलं?' म्हणायचा. मी सांगायचो. 'मग?' म्हणायचा. एकेक वाक्य खरं हाय सायेब. सगळी मिळून खोटी हायत."

तो जबाब गेटवर कामगारांसमोर वाचून दाखवण्यात आला होता. सिद्रामची दोन बोटं गेली होती, उजव्या हाताची, अंगठ्याशेजारची. तोही ऐकायला उभा होता. आपण ओरडत होतो आणि आपल्या गावचा माणूस दोन धागे जोडत बसला होता, असं त्याला त्या कागदावरून कळलं. त्या दिवसापासून तो मल्लिनाथशी बोलला नव्हता. खोली सोडून गेला होता.

"तुम्ही जाऊन सांगितलं नाही?"

"सांगाया गेलतो की. त्यो बी तसंच. 'आवाज ऐकलास? मग? धागा जोडलास? मग?' तोंडानं सांगाया गेलं की मदी मदी तोडत्यात. मग म्हटलं लिवावं. गोष्टीत कोण मदी बोलत न्हाय." त्याने प्रूफकडे बोट केलं. "तर तुमी बोललासा. सत्तावीस डाव. मोजलोय मी."

मी त्याला भिंतीवरचा नियम सांगितला. संपादकाला मजकुरात फेरफार करायचा हक्क असतो, असंही सांगितलं.

"हक्क तुमचा. गोष्ट माजी," तो म्हणाला. "छापायचं तर हाय तसं. न्हायतर मी वही घिऊन जातो. माजं नाव घालून ह्यो जबाब पुन्यांदा वाचायचा न्हाय मला."

मी त्याच्याकडे एक दिवस मागितला. त्याने वही ठेवली. ठेवताना तिच्यावर एक क्षण हात दाबून धरला, आणि गेला.

मी लगेच बदललो असं लिहिणं सोयीचं झालं असतं. तसं झालं नाही. त्या संध्याकाळी मला तो हट्टी वाटला. माणूस ओरडतोय हे ऐकूनही दोन धागे जोडले गेले, हे त्याने स्वतःच लिहिलं होतं. लांब वाक्याच्या मागे तो ते लपवतोय, असा मला संशय होता. वृत्तपत्रात काम करणाऱ्याला लांब वाक्याचा असा संशय येतोच. पुढाऱ्यांची निवेदनं लांब असतात.

शुक्रवारी सकाळी मी टेबलावर पहिल्या पानाचा एक मथळा लिहीत होतो. 'नळाला पाणी आता एक दिवसाआड.' कंपोझ विभागात मोठा आवाज झाला. लोखंडी ट्रे फरशीवर पडल्याचा आणि त्यापाठोपाठ "अय्यो!" अशी नरसय्यांची किंकाळी. मी धावलो. माझ्या आधी तिथे कुणी पोहोचलं नव्हतं. जुळवलेल्या मजकुराची गॅली, म्हणजे तो ट्रे, मांडणीवरून घसरून त्यांच्या पायावर पडली होती. शिसं जड असतं. अंगठा सुजायला लागला होता. नरसय्या स्टुलावर बसून तेलुगूत त्या गॅलीच्या आईबापांची चौकशी करत होते. फरशीभर अक्षरं पसरली होती.

"कसला मजकूर होता?"

"तुमचाच," ते म्हणाले. "गोष्ट. टिंबं बघा, पार मोरीपर्यंत गेलीत."

त्यांच्या पायावर ओलं फडकं बांधून मी जागेवर परत आलो. टेबलावर मथळ्याचा कागद होता. आवाज झाला तेव्हा मी 'एक' या शब्दावर होतो. हे मला नक्की आठवत होतं, कारण 'एक दिवसाआड' की 'दिवसाआड' असा विचार चालला होता. कागदावर मात्र मथळा पूर्ण होता. 'दिवसाआड' लिहिलेलं होतं. शेवटी पूर्णविराम होता. खाली, मथळ्याखाली मारायची असते तशी, सरळ रेघही होती. अक्षर माझं होतं. ते लिहिल्याचं मला आठवत नव्हतं. अजूनही आठवत नाही.

मी ते जबाबाच्या भाषेत मनात मांडून पाहिलं. मोठा आवाज ऐकला. ओरडणे ऐकले. मथळा पूर्ण केला. मथळ्याखाली रेघ मारली. नंतर नरसय्याकडे गेलो.

एकेक वाक्य खरं होतं.

मी लाल पेन बंद केला, वही घेतली आणि नानासाहेबांच्या खोलीत गेलो.

"गोष्टीची गॅली सांडली," मी म्हणालो. "नव्याने जुळवावी लागेल. मूळ आहे तशी जुळवायची आहे."

"मूळ कशी आहे?"

मी वही पुढे केली. नानासाहेबांनी चष्मा लावला. लांब वाक्याची सुरुवात सापडली तिथे पेन्सिलीने खूण केली, मग पान उलटलं, पुन्हा उलटलं, शेवट सापडला तिथे दुसरी खूण केली.

"क्षीरसागर, तुम्ही? हे तुम्ही आणलंत?"

"हो."

"वाचकानं श्वास कुठे घ्यायचा?"

"घेऊ नये."

"वाहवा. मोठ्यानं वाचून दाखवतो तुम्हाला, म्हणजे कळेल." ते खुर्चीत ताठ बसले आणि वाचू लागले. खोड काढायच्या इराद्याने, मुद्दाम सपाट आवाजात. पहिल्या अर्ध्या पानात दोनदा माझ्याकडे पाहिलं. मग पाहिलं नाही. विहिरीच्या शब्दांपाशी त्यांना ठसका लागला. पाण्याचा पेला हाताशी होता, तो त्यांनी उचलला नाही. तसेच पुढे गेले. '…आणि मी दांडा धरला आणि ओढला. मशीन थांबलं.' इथे तेही थांबले. मग शेवटचं वाक्य वाचलं.

"मेला का तो?"

"नाही. दोन बोटं गेली."

"मला वाटलं, मेला." आता ते पाणी प्यायले. "तुम्ही केलेली सत्तावीस वाक्यं मी काल वाचली होती. तेव्हा असं काही वाटलं नव्हतं."

"तेव्हा मशीन प्रत्येक टिंबापाशी थांबत होतं," मी म्हणालो. "सत्तावीसदा थांबलं. त्यामुळे शेवटी थांबलं ते कुणाला कळलंच नाही."

त्यांनी पेन्सिलीने भिंतीवरचा पुठ्ठा दाखवला. "ते काय आहे?"

"बातमीचा नियम."

"अंकाचा नियम. अंकात सगळं आलं. आज एका गिरणी कामगाराचं दोन पानी वाक्य सोडलं तर उद्या प्रत्येक प्राध्यापक तीन पानी घेऊन येईल. कोणत्या तोंडानं तोडाल?"

"त्यांचं तोडेन. त्यांच्या वाक्यात पळणारा कुणी नसतो."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर पान कोरं सोडा. खाली माझं नाव घाला. उपसंपादकानं मजकूर दिला नाही, असं छापा."

मी आवाज चढवला नव्हता. त्यांनीही नाही. पण बाहेर टाइपरायटर थांबले होते, हे मला ऐकू आलं.

"ठीक आहे," नानासाहेब म्हणाले. "तुमच्या जबाबदारीवर. या वाक्याबद्दल एका वाचकाची तक्रार आली, एका, तर पान तुमच्याकडून जाईल आणि महिनाभर तुम्ही बाजारभाव बघाल. मान्य?"

बाजारभाव म्हणजे धान्याच्या आडतींवरून आलेले दर कोष्टकात उतरवायचे आणि वर चार ओळी लिहायच्या. नव्या माणसाला दिलं जाणारं काम. मी तेव्हा तिथे अकरा वर्षं जुना होतो.

"मान्य," मी म्हणालो.

संध्याकाळी मल्लिनाथ आला. पाळी सुटल्यावर सरळ आला होता. केसांवर कापसाची पूड होती. मी सांगितलं, आहे तसं जाईल. मी दोन ठिकाणी स्वल्पविराम सुचवले. त्याने वही जवळ ओढली, ओठ हलवत दोन्ही जागा वाचल्या.

"हितला चालंल," म्हणाला. "तितला नको. तितं मी पळालोय."

मी एक घातला, एक खोडला. माझ्या सगळ्या नोकरीत लेखकाने माझी दुरुस्ती इतक्या नेमक्या कारणाने नाकारल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही.

नरसय्यांनी दुखरा पाय स्टुलावर ठेवून मजकूर पुन्हा जुळवला. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. दीड तासाने त्यांनी मला हाक मारली. "साहेब, हे वाक्य कुठंच थांबत नाही. मी चहाला कधी जाऊ?"

"दांडा ओढल्यावर," मी म्हणालो.

ते खरंच तेव्हाच गेले.

रविवारी कथा आली. सोमवारी काही नाही. मंगळवारी एक पत्र आलं. निवृत्त मुख्याध्यापकांचं. आपल्या दैनिकाने मराठी भाषेची चालवलेली हेळसांड पाहून खेद झाला, असं लिहून त्यांनी त्या वाक्यातले शब्द मोजून आकडा कळवला होता. पत्र माझ्याच टपालात आलं होतं. मी ते फाडू शकलो असतो. मी ते नानासाहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवलं.

"मोजले म्हणजे शेवटपर्यंत वाचलं," मी म्हणालो.

"मान्य," ते म्हणाले. "पण तक्रार ती तक्रार."

त्या दिवसापासून मी बाजारभाव बघू लागलो. 'मंगळवेढा ज्वारी तेजीत. तूर स्थिर. शेंगतेलात किंचित घसरण.' कार्यालयात पुष्कळ करमणूक झाली. कुणी तरी माझ्या टेबलावर पुठ्ठ्याचा तुकडा ठेवला, त्यावर लिहिलं होतं: बाजारभावात श्वास घ्यायला परवानगी आहे. मी तो टेबलावर तसाच राहू दिला. माफीपत्र दिलंत तर पंधरा दिवसांत पान परत मिळेल, असं मला सुचवण्यात आलं. मी दिलं नाही. त्या महिन्याबद्दल मला तेव्हा खेद नव्हता, आज लिहितानाही नाही.

दुसऱ्या आठवड्यात, सुट्टीच्या दिवशी, मल्लिनाथ आला. मी ज्वारीचे दर उतरवत होतो. तो समोरच्या बाकावर बसला आणि विचारायच्या आधीच सांगू लागला. मी एकदाही 'मग?' म्हटलं नाही. मुद्दाम म्हटलं नाही.

त्या रविवारी सकाळी तो गिरणीजवळच्या हॉटेलात गेला होता. सिद्राम तिथे चहाला यायचा. गिरणीने त्याला आता गेटवर बसवलं होतं. मल्लिनाथने अंक उघडून त्याच्या टेबलावर ठेवला, गोष्ट वर येईल असा, आणि स्वतः लांबच्या टेबलावर जाऊन बसला.

"वाचता येतं त्याला?" मी विचारलं.

"सातवीपातुर माज्यासंगट व्हता की. पर त्यो बोट ठिवून वाचतो. आमचे गुरुजी तसंच शिकवलेते. ओळीखाली बोट धरायचं आणि टिंब येईपातुर उचलायचं न्हाय. उचललं की छडी. मी मोटेपणी सोडलो. त्यो न्हाय सोडला. अजून बी तसंच वाचतो."

मी लेखणी खाली ठेवली.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"ठाव व्हतं म्हणूनच तसं लिवलो," तो म्हणाला. "त्याचं बोट मदी कुटं उचलू न्हाय म्हणून. तुमी सत्तावीस डाव उचलू दिलं असतासा."

सिद्रामने डाव्या हाताचं बोट ओळीखाली धरलं होतं. सुरुवातीचा भाग छोट्या वाक्यांचा. बोट उठत होतं, टेकत होतं, उठत होतं. त्याने मधूनच चहाचा घोट घेतला, इकडे तिकडे पाहिलं. मग ते वाक्य आलं. बोट टेकलं ते टेकलंच. हॉटेलवाल्याने काही विचारलं, त्याने ऐकलं नाही. माशी बसली, हाकलली नाही. चहावर साय धरली. मल्लिनाथ लांबून फक्त त्या बोटाकडे बघत होता. ते एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर, रकान्याच्या खालून वरच्या टोकाला, परत खाली असं सरकत होतं. त्याच्या बाजूवर तो स्वतः पाळीभर चालायचा तसं.

टिंब आल्यावर सिद्रामने बोट उचललं. पण लगेच नाही. थोडा वेळ ते तिथेच होतं. मग त्याने मान वर न करता, आपल्या टेबलावरूनच विचारलं, "तरी बी दोन जोडलास की रं."

"व्हय," मल्लिनाथ म्हणाला. "जोडलो."

"आणि मग पळालास."

"न्हाय. जोडत पळालो."

सिद्रामने पुन्हा अंकाकडे पाहिलं. बोट ठेवून ती जागा शोधली. सापडली तेव्हा मान हलवली.

"हां. तसंच लिवलाय खरं," तो म्हणाला. आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा त्याने मल्लिनाथकडे बघून एक काम सांगितलं. "दुसरा च्या सांग. ह्यो गार झाला."

मल्लिनाथ एवढं सांगून उठला. खोलीवर परत आला का, असं मी विचारलं. "न्हाय अजून," तो म्हणाला. "रविवारी च्याला येतो." त्याने माझ्यासमोरच्या कोष्टकाकडे पाहिलं. "ह्ये तुमी लिवता? ज्वारी तेजीत?"

"महिनाभर."

"माज्यामुळं?"

"नाही," मी म्हणालो. "माझ्यामुळे."

महिन्याने साहित्याचं पान परत मिळालं. भिंतीवरचा पुठ्ठा तिथेच राहिला. नानासाहेबांनी त्यावर एक अक्षरही बदललं नाही, मीही बदला म्हटलं नाही. बातमीत मी शेवटपर्यंत बारा शब्दांच्या वर गेलो नाही. गोष्टीतही बहुतेक लांब वाक्यं तोडत आलो, कारण बहुतेक लांब वाक्यं आळसाने लांब झालेली असतात. फक्त तोडण्याआधी एक गोष्ट तपासतो. यात जे घडलं ते एकामागून एक घडलं, की एकदम? एकामागून एक असेल तर तोडतो. एकदम असेल तर पेन बंद करतो. त्यावर संपादक रागावतात. रागावू द्यावं. बाजारभावाचं काम फार अवघड नाही, महिन्याभरात जमतं.